ब्र

गावाचं नाव लिहितात स्लेथवेट, म्हणतात स्लॉइट.
मधली अक्षरं कोण गिळतं, इथे कुणी विचारत नाही.
कालव्याकाठच्या माझ्या दवाखान्यात
मिस्टर हेग आले ते दातांचा ठसा घ्या म्हणत:
"वरचे चार, खालचे चार. त्यांना काही करू नका.
नुसतं माप ठेवा. उद्या पडलो-झडलो तर असावं."
वरच्या डाव्या दाताच्या कडेचा टवका उडालेला.
पाच मिनिटांत भरून देते, म्हटलं.
त्यांनी तोंडच मिटलं.
त्या टवक्यावर बेतून बावन्न वर्षं
ते कॉर्नेट वाजवत होते.

ठशाचे पैसे मी घेतले नाहीत,
शिकवणीचे त्यांनी.
असं ते ठरलं, ठरवलं कुणी नाही.

पहिले तीन आठवडे वाद्याला हात नाही.
एक कागद, एक भिंत.
नुसत्या फुंकरीनं कागद भिंतीला धरून ठेवायचा,
घसरेपर्यंत.
कागद म्हणजे बंद पडलेल्या गिरणीच्या पगारपावत्या,
मागून कोऱ्या.
मग एकटा माउथपीस.
ओठ मिटलेले, कोपरे घट्ट, मध्ये सैल,
आणि म्हणायचं: ब्र्र्र.

आमच्या घरी, अकोल्यात,
तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती.
ताटावर नाही, पाहुण्यांपुढे नाही,
थोरले काका बोलत असताना तर नाहीच.
आणि हा माणूस घड्याळ लावून बसलेला:
अजून. अजून. संपला ब्र? पुन्हा.

पलीकडच्या गल्लीत रोवेना प्लॅट शिकवतात.
त्यांच्याकडे आरसा, रंगीत तक्ते,
ओठांचा आडवा छेद, स्नायूंची लॅटिन नावं.
माझा मुलगा तिथे जातो, पहिली परीक्षा पास झाला,
तेव्हा त्यांना नावं ठेवायला जागा नाही.
एकदा मीही बसले त्या आरशापुढे.
ते सगळे स्नायू मला पाठ आहेत,
रोज सुईनं झोपवते मी त्यांना.
नावानं हाका मारल्या, एकही उठला नाही.

हेग समजावत नाहीत.
चुकलं की खिडकी उघडतात.
फार चुकलं की चहा ठेवतात.
ओठ चेपून वरचा सूर काढायची माझी खोड;
तेव्हा कॉर्नेट उघड्या तळव्यावर आडवं ठेवतात,
बोट न लावता, आणि म्हणतात, फुंका.
दाबलं की ते मागे सरकतं.
पितळ उघडं पडतं, माझंच.

"ढकलू नका. सोडा."
दीड वर्षात उपदेश म्हणावा असा एवढाच.
बाकी तोंडची वाफ त्यांनी दवडली नाही,
होती ती नळीत घातली.

फेब्रुवारीत बँडच्या खोलीच्या पायरीवर बर्फ होतं.
दात मुळाशी तुटला.
मी कपाटातून ठसा काढला,
त्यावरून नवा दात घडवला, टवक्यासकट.
दात घडवण्यापेक्षा टवका घडवायला
जास्त वेळ लागतो,
हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

खुर्चीतच त्यांनी खिशातून माउथपीस काढला.
ब्र.
बाहेर थांबलेल्या बाईंनी मासिक खाली ठेवलं.
पुन्हा ब्र. मान हलली, आडवी.
जवळपास आहे, पण तो नाही.
थोडं घासू का अजून?
"नको, डॉक्टर. दात बरोबर आहे. आता मी शिकतो."

परवा गेले तर दार लोटलेलं.
भिंतीकडे तोंड करून उभे होते,
नाकासमोर कुणाचीतरी पावती,
आठवड्याचे चौदा पौंड, तीन शिलिंग,
फडफडत, भिंतीला चिकटून.
अंगातला कोट न काढता मी मनात मोजत राहिले.
अकराला पडली.
माझे सोळा होतात.

त्याबद्दल मी ब्र काढला नाही.